मोडी वाचकांचा गट: ईमेल यादी की चर्चामंच?

प्रश्न : मोडी कागद वाचणाऱ्या हौशी अभ्यासकांचा आमचा गट अनेक वर्षे ईमेल यादीवर चालतो. कुणी छायाचित्र पाठवतो, इतर वाचन सुचवतात. तरुण सदस्यांना आता संकेतस्थळावर चर्चामंच हवा आहे, तर ज्येष्ठांना यादीच सोयीची वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या कामाचे स्वरूप पाहता माझा कौल चर्चामंचाला आहे, पण ज्येष्ठांचा आग्रह निराधार नाही. यादीवरची चर्चा आपण होऊन सदस्यापर्यंत येते; मंचावर मात्र त्याला आठवणीने जावे लागते, आणि अनेक मंच ओस पडतात ते यामुळेच. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे काम आजही मुख्यतः ईमेल याद्यांवर चालते, कारण तेथे तपासायचा असतो तो साधा मजकूर. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या विकासकांनी मात्र २०२२ मध्ये आपली मुख्य चर्चा यादीवरून 'डिस्कोर्स' या मंचप्रणालीवर नेली.

तुमचा प्रश्न निराळा आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते, त्यामुळे पहिले वाचन क्वचितच अखेरचे ठरते. यादीवर चुकीचे वाचन प्रत्येकाच्या ईमेलमध्ये तसेच राहते आणि दुरुस्ती दहा पत्रांनंतर कुठेतरी सापडते. मंचावर एका कागदाचा एक धागा, म्हणजे स्वतंत्र चर्चा, करून त्याच्या पहिल्याच नोंदीत सुधारित वाचन ठेवता येते. शिवाय जीमेलवरून एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच जोडण्या पाठवता येतात, आणि चांगल्या प्रतीची चार-पाच छायाचित्रे एवढी जागा सहज खातात.

डिस्कोर्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक नोंद ईमेलने मिळण्याची आणि ईमेलनेच उत्तर देण्याची सोय करता येते, म्हणजे ज्येष्ठांना आपली सवय मोडावी लागणार नाही. मात्र सर्व्हरची देखभाल आणि नियमित बॅकअप करणारा एक तरी सदस्य हवा. तसा कुणी नसेल, तर तरुणांचा उत्साह कितीही असला तरी यादीवरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्णय काहीही होवो, जुन्या पत्रांचा संग्रह आधी स्वतःकडे उतरवून घ्या. ईमेल याद्या चालवणारी याहू ग्रुप्स ही सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, पण तेथील साठवलेला मजकूर त्याआधीच काढून टाकण्यात आला होता. तुमच्या यादीचा संग्रह 'एमबॉक्स' स्वरूपात, म्हणजे सर्व पत्रे एकत्र असलेल्या फाइलमध्ये, मिळत असेल, तर तो पुढे डिस्कोर्समध्ये आणता येतो. छायाचित्रे मात्र वेगळी काढून, कागदाची तारीख आणि गावाचे नाव देऊन ठेवा.