फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात 'वेंडी अँड लूसी' दाखवला तर लोक कंटाळतील का?

नाही कंटाळणार, फक्त आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा की यात फारसं काही 'घडत' नाही. दिग्दर्शिका केली रायकार्टचा हा २००८ चा सिनेमा जेमतेम ८० मिनिटांचा आहे. कामासाठी अलास्काला निघालेली वेंडी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका गावात अडकते: गाडी बंद पडते, लूसी या आपल्या कुत्रीसाठी खाणं चोरताना पकडली जाते, तेवढ्यात कुत्री बेपत्ता. एवढंच. पण ती वहीत खर्चाचा हिशेब लिहिते तिथे बघा, महिनाअखेर अनुभवलेला कुणीही सरसावून बसतो. वेंडी झालेली मिशेल विल्यम्स रडून दाखवत नाही, आणि जत्रेतल्या नाटकांवर वाढलेल्या आपल्या लोकांना सुरुवातीला नेमकं तेच खटकतं. इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाणाऱ्यांची काळजी नको. मी असे सिनेमे छोट्या गटांना दाखवत आलोय, त्यावरून सांगतो.

एक मात्र पाळा: पावसाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये लावू नका. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वेंडीचं गुणगुणणं आणि लांबून जाणारी मालगाडी ऐकू आली नाही, तर अर्धा सिनेमा गेला.