विचारा, सांगतो: पोरं शिकायला गेली, पॉलिसी कुठे राहिली?

मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमची चौघांची ३ लाखांची फ्लोटर (सगळ्यांत मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य पॉलिसी आहे, जळगावच्या एजंटाकडून घेतलेली. ती पुण्यात चालेल, की मुलीची वेगळी काढू? (पारोळा)

चालेल. आरोग्य पॉलिसी भारतभर लागू असते, गाव बदललं म्हणून ती तुटत नाही. अविवाहित आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल बहुतेक पॉलिसींत २५ वर्षांपर्यंत राहतं. घाईघाईने नवी काढण्यात उलट तोटा आहे. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत. जुलैअखेरीस पॉलिसी काढली आणि पंधरा ऑगस्टच्या सुमारास डेंग्यू झाला, तर सगळं बिल तुमच्याच खिशातून.

अडचण वेगळ्या दोन कलमांत आहे. पॉलिसीचा कागद काढून ती आधी वाचा.

पहिलं खोलीभाड्याचं. जुन्या पॉलिसींत त्याची दिवसाची मर्यादा बऱ्याचदा विमा रकमेच्या १ टक्का असते, म्हणजे तुमची दिवसाला ३,००० रुपये. पारोळ्यात किंवा जळगावात त्यात भागून जातं. पुण्यात मुलगी ६,००० च्या खोलीत चार दिवस राहिली असं धरा. खोलीचे २४,०००, डॉक्टर, नर्सिंग वगैरेचे ४०,०००, औषधं-तपासण्यांचे २०,०००. एकूण ८४,०००. लोकांना वाटतं, वरचे १२,००० तेवढे आपल्याला पडतील. तसं होत नाही. खोली हक्काच्या दुप्पट महाग घेतली म्हणून डॉक्टर-नर्सिंगचा खर्चही निम्माच धरला जातो. औषधं आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. हिशेब १२,००० अधिक २०,००० अधिक २०,०००, म्हणजे ५२,००० मिळतात आणि ३२,००० तुम्ही भरता.

दुसरं झोनचं, म्हणजे शहरांच्या गटांचं. काही कंपन्या लहान शहराच्या पत्त्यावर हप्ता कमी घेतात आणि मोठ्या शहरात उपचार घेतले की १० ते २० टक्के वाटा तुमच्याकडून कापतात. २० टक्के असेल तर वरच्या ५२,००० मधून आणखी १०,४०० जातात, हातात राहतात ४१,६००. म्हणजे निम्म्याहून कमी. एजंट हे कलम आपणहून क्वचितच सांगतो. पुणं कुठल्या झोनमध्ये येतं हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा कस्टमर केअरला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दोन्हींवर उपाय नूतनीकरणाच्या वेळी होतो: विमा रक्कम वाढवा, खोलीभाड्याची मर्यादा काढून घ्या, जादा हप्ता भरून वरचा झोन घ्या. वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षाकाळ (ज्यात ठरावीक आजारांचे पैसे मिळत नाहीत तो काळ) नव्याने लागतो, म्हणून हे पहिल्या वर्षीच केलेलं बरं. कंपनीच बदलायची असेल तर मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज द्या, जुना प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे वाढीव हप्ता पूर्वीइतका जड जाणार नाही.

आता मुलीच्या फोनमध्ये काय हवं ते. ई-कार्ड, पॉलिसी नंबर, टीपीएचा (कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) टोल-फ्री नंबर आणि होस्टेलजवळच्या दोन नेटवर्क, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलांची नावं. पॉलिसीवर मुलीचं घरचं नाव आणि आधारवर शाळेचं, हा प्रकार आपल्याकडे फार. कॅशलेस डेस्कवर (जिथे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते) रात्री अकराला फाइल त्यावरच अडते. नाव आणि जन्मतारीख आत्ताच एंडॉर्समेंट (पॉलिसीत दुरुस्ती) करून जुळवून घ्या.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. उशीर झाला तर हॉस्पिटलच्या काउंटरशी भांडू नका, टीपीएला फोन लावा. नेटवर्कबाहेर भरती झाली तर शक्यतो २४ तासांत कळवा. नंतरच्या दाव्याला डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, चिठ्ठ्या आणि रिपोर्ट मूळ प्रतीत लागतात. पैसे पॉलिसीधारकाच्या, म्हणजे तुमच्या खात्यात येतात. मुलीचा कॅन्सल चेक जोडला तर फाइल परत येते. डिस्चार्जनंतर ती घरी आली आणि पारोळ्याच्या मेडिकलमधून औषधं घेतली, तर तीही बिलं ठेवा. बहुतेक पॉलिसींत पुढच्या ६० दिवसांचा, त्याच आजाराचा खर्च मिळतो.

आणि सलाईन लावून संध्याकाळी घरी सोडलं, तर सहसा काहीच मिळत नाही. डे-केअरच्या (एका दिवसात होणाऱ्या उपचारांच्या) यादीतले उपचार सोडले तर २४ तासांची भरती लागतेच.

मुलगा सुरतला शिकायला गेला. माझ्या नावावरची एमएच-३९ मोटरसायकल त्याला पाठवायची आहे. विमा चालू आहे. तो जानेवारीत १८ पूर्ण करेल. (नंदुरबार)

जानेवारीपर्यंत गाडी नंदुरबारलाच ठेवा. १८ च्या आत गिअरची गाडी चालवताना सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे गुन्हा मालकावर, म्हणजे तुमच्यावर. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. शिवाय त्याने कुणाला धडक दिली तर कोर्ट अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. अशी रक्कम शेत विकायला लावू शकते.

लायसन्स आल्यावरही एक भोक राहतं. गाडीच्या विम्यासोबत येणारं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त ‘ओनर-ड्रायव्हर’ला आहे: आरसीवर ज्याचं नाव, तोच गाडी चालवत असेल तर. मुलगा तुमची गाडी चालवताना घसरला, तर ते पैसे त्याला मिळत नाहीत. थर्ड पार्टीतूनही (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातूनही) नाही, कारण मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा थर्ड पार्टी धरला जात नाही. एक तर फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) भरून आरसी त्याच्या नावावर करा आणि १४ दिवसांत विमाही बदलून घ्या, नाहीतर त्याची स्वतंत्र अपघात पॉलिसी काढा. गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्सवाल्याची एनओसी.

गाडी गुजरातेत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नंदुरबार आरटीओची एनओसी घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. नवा नंबर विमा कंपनीला कळवायचं बरेच जण विसरतात. रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी रिकामी करा आणि आरसी, विमा, ओळखपत्राच्या प्रती घेऊन जा.

होस्टेलच्या खोलीतून लॅपटॉप गेला तर घराच्या विम्यातून मिळेल का? (चोपडा)

साध्या गृहविम्यात नाही. तो पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो. पोर्टेबल उपकरणांचं कलम जादा घेतलं असेल तर पाहा. चोरीच्या दाव्याला कुलूप तोडल्याची खूण आणि एफआयआर मागतात. दार उघडं टाकून मेसला गेला आणि लॅपटॉप गायब, यावर दावा बसत नाही. विकत घेतलेल्या बिलावरचा सीरियल नंबर घरी लिहून ठेवा.

बँकेतला २० रुपयांचा अपघात विमा विद्यार्थ्याला मिळतो का? (शिरपूर)

हो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाला आहे, मुलाच्या स्वतःच्या बचत खात्यातून. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेअखेरीस आपोआप कापला जातो आणि विद्यार्थ्याचं खातं नेमकं तेव्हाच रिकामं असतं. मेच्या २० तारखेला पन्नास रुपये टाकून द्या.