औषध कंपनीच्या पैशातून झालेल्या मानसोपचाराच्या अभ्यासावर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण छापून आलं तेवढंच संशोधन झालं असं धरून चालू नका. खोटे आकडे लिहायची गरजच पडत नाही. नको ते निकाल कपाटात ठेवले की काम भागतं.

2008 मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे नोंद असलेले, नैराश्यावरच्या 12 औषधांचे 74 अभ्यास तपासले. एफडीएच्या मते 38 अनुकूल होते. त्यातला एक सोडून सगळे छापले गेले. उरलेल्या 36 पैकी 22 छापलेच नाहीत आणि 11 अशा बेताने लिहिले की औषध चाललं असं वाटावं. डॉक्टर बिचारे वाचणार ते एवढंच!

पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा ‘अभ्यास 329’ तर कहरच. 2001 मध्ये किशोरवयीन मुलांसाठी औषध गुणकारी आणि सुरक्षित म्हणून छापलं. 2015 मध्ये मूळ नोंदी दुसऱ्यांनी तपासल्या, तेव्हा गुण दिसला नाही, आत्महत्येच्या विचारांचा धोका मात्र दिसला.

म्हणून अभ्यासाच्या शेवटी पैसा कोणाचा ते सांगणारी ‘हितसंबंध जाहीर’ ही ओळ वाचून थांबू नका. अभ्यास आधी नोंदवला होता का, आणि तेव्हा ठरवलेलाच निकष निकालात दिलाय का, ते बघा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत फुकट सापडतात. (कंपनी नसलेलं मानसशास्त्रही धुतल्या तांदळासारखं नाही: 2015 मध्ये 100 अभ्यास पुन्हा केले, तर जेमतेम 36 टक्के टिकले.)

आणि हे वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नका. पॅरोक्सेटिन अचानक सोडलं तर चांगलाच त्रास होतो; कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.