बाग विकून रोबोट? थोडं थांबा

प्रश्न तासगावकडच्या एका वाचकाचा आहे. वडील ६८ वर्षांचे, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सर. मिरजेत पोट उघडून ऑपरेशनला १ लाख ८० हजार, दुर्बिणीतून २ लाख ६० हजार सांगितलेत. पुण्यात रोबोटने ५ लाख. घरात ४ लाखांची एफडी आहे, बेदाणा कोल्ड स्टोरेजला पडलाय. विचारतात, वीस गुंठे द्राक्षबाग विकून पुणं गाठू का?

बाग विकू नका. दुर्बिणीचे जादा ८० हजार मात्र मी तुमच्या जागी असतो तर दिले असते. त्यानं आयुष्य वाढतं म्हणून नव्हे. २००४ मध्ये अमेरिकेत पोट उघडून आणि दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनांची तुलना करणारा, ८७२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. फरक पडतो तो दुखण्यात आणि माणूस लवकर हिंडाफिरायला लागण्यात. छाटणी तोंडावर असताना घरातला एक माणूस दवाखान्यात अडकणं किती महाग पडतं, ते तुम्हाला मी काय सांगू!

रोबोटनं या जागेचा कॅन्सर जास्त बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. यंत्रापेक्षा सर्जनचा हात बघा. अशी किती ऑपरेशनं केलीत, हे विचारायला लाजू नका.

एक गोष्ट लेखी घ्या. त्याच अभ्यासात दुर्बिणीनं सुरू केलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं. तसं झालं तर बिल किती? आतडं कापून जोडायच्या स्टेपलरची कार्ट्रिजेस (त्यातल्या पिनांचे संच) २ लाख ६० हजारांत धरलीत का? बिल फुगतं ते इथंच.

एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा साधारण १ टक्का जास्त घेतात. म्हणजे २ लाख ६० हजारांवर चार महिन्यांचा निव्वळ भुर्दंड ९०० रुपयांच्या आत. तेवढ्यात बेदाण्याला भाव आला तर फेडून टाका.

त्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाला गाठा. रेशनकार्ड, आधार घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दवाखाना योजनेत हवा आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी हवी. दुर्बीण त्यात बसते का, तेही तिथंच विचारा.

उरलेल्या पैशाला हात लावू नका. काढलेल्या भागातल्या लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड) रिपोर्ट आला आणि त्यात कॅन्सर दिसला, तर तीन ते सहा महिने केमो लागू शकते. तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक शोधत बसायची वेळ येऊ नये; दवाखान्याचं कारण कळलं की गिऱ्हाईक भाव पाडतंच.