इंग्रजी शिकायला आलेल्या मोठ्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायची सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नात पस्तीस ते पंचावन्न वयाच्या बारा बायका आहेत, संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग आहे, देणगीत आलेले सहा जुने कॉम्प्युटर आहेत आणि तुम्ही ठरवलेला पहिला धडाही आहे: 'संगणक म्हणजे काय, त्याचे भाग व त्यांची इंग्रजी नावे'. हा धडा घेऊ नका. मी घेतला होता, म्हणून सांगते.

मी इचलकरंजीत शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका वाचनालयाच्या माडीवर असाच वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी फळ्यावर आधी संगणकाचे जनक मानले जाणारे चार्ल्स बॅबेज, मग मॉनिटर, सीपीयू, रॅम आणि त्यांची लांबलचक पूर्ण रूपं. सगळ्यांनी वहीत छान उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात चौदांतल्या आठच आल्या. दिवसभर यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरून आलेल्या बाईनं १८७१ साली वारलेल्या माणसाची ओळख करून घ्यायला जिना का चढावा? आणि रॅम हा शब्द तिला रोजच्या वापरात स्क्रीनवर दिसणारही नव्हता. तिला दिसणार होते ते नेक्स्ट, बॅक, सेव्ह, कॅन्सल, सबमिट, रिट्राय. बहुतेक क्रियापदंच. शिवाय ती आज्ञार्थी, म्हणजे इंग्रजीतला सगळ्यात सोपा प्रकार: कर्ता नाही, काळ नाही. इंग्रजी शिकवायला याहून सोयीचं दार नाही आणि आपण मात्र भागांची नावं घोकून घेत बसतो.

आता सुरुवात कुठून? फोनवरून. पहिल्या तासाला कॉम्प्युटर चालूच करू नका. फोनवर रोज बोलताना कुठले इंग्रजी शब्द वापरता, एवढंच विचारा. माझ्या वर्गात पंधरा मिनिटांत फळा भरला: फॉरवर्ड, डिलीट, ब्लॉक, स्टेटस, डीपी, सेव्ह, ग्रुप, ॲडमिन, नेटवर्क, ओटीपी, स्क्रीनशॉट, अपडेट. "मला इंग्रजी अजिबात येत नाही" म्हणणाऱ्या बाईनं एकटीनं नऊ शब्द सांगितले होते. मग त्यातला एकेक शब्द मी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले आणि वर्ग गप्प झाला. डिलीट हा शब्द सगळ्यांच्या तोंडात होता, पण डी-ई-एल-ई-टी-ई असा लिहिल्यावर एकीलाही ओळखू आला नाही. "शेवटचा ई कशाला, बाई?" हा पहिला प्रश्न. तुमचं खरं काम इथं आहे. शब्द कानाला माहीत आहे, डोळ्याला नाही. नवे शब्द शिकवायच्या आधी हे जुने डोळ्याला दाखवा.

आणखी एक भांडवल त्यांच्याजवळ असतं. त्यातल्या बऱ्याचजणी व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. 'कुठे आहेस' हे के-यू-टी-एच-ई करत रोज टाइप करणाऱ्या बाईला अक्षरं येत नाहीत असं धरून एबीसीडीपासून सुरू केलंत, तर तिचा अपमान होईल. अडचण वेगळीच निघते: कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली आणि स्क्रीनवर उमटतात ती छोटी. मोठा जी आणि छोटा जी यांचं तोंड कुठं जुळतं? अर्धा तास यावर घालवा, वाया जात नाही. मोठा आय, छोटा एल आणि एकचा आकडा हे त्रिकूट पासवर्डच्या वेळी रडवतं, तेही तेव्हाच दाखवून टाका.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते. आपल्याकडच्या माणसाला बरेच इंग्रजी शब्द आधीपासून माहीत असतात, पण मराठीत आल्यावर त्यांचा अर्थ वेगळा झालेला असतो. तो अर्थ वर्गात आडवा येतो आणि शिकवणाऱ्याला वाटतं, बाईला समजत नाही.

एकदा मी म्हटलं, "आता राइट क्लिक करा." एक काकू माऊसवर हात ठेवून नुसत्याच बसल्या. थोड्या वेळानं डावं बटण दाबलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "राइट झालं का?" राइट म्हणजे बरोबर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी बरोबर क्लिक करायला सांगितलं, त्यांनी जमेल तितकं बरोबर केलं. मग मी लेफ्ट क्लिककडं वळले, तर शेजारची म्हणाली, "लेफ्ट म्हणजे निघून गेला. आमच्या भिशीच्या ग्रुपमधनं जाऊबाई लेफ्ट झाल्यात." दोघींचंही चूक नव्हतं. त्या दिवसापासून मी हात वर करून 'लेफ्ट हँड, राइट हँड' आधी घेते, आणि सुरुवातीला माऊसच्या उजव्या बटणावर टिकली चिकटवते. खरी कपाळाची टिकली. स्वस्त पडते आणि हसतहसत लक्षात राहते.

शिफ्टचंही तसंच. यंत्रमागाच्या गावात शिफ्ट म्हणजे पाळी, दिवसाची किंवा रात्रीची. कीबोर्डवर पाळी कशाला? पण याच बायका "भाड्याचं घर शिफ्ट केलं" असंही म्हणतात, आणि तोच अर्थ इथं लागू पडतो. रेमिंग्टनचं १८७८ सालचं टाइपरायटर आलं त्यात मोठं अक्षर उमटवायचं तर कागदाचा रूळ असलेला भागच जागचा सरकायचा. सरकवणारं बटण ते शिफ्ट. एवढं सांगितलं की पुरतं. बटण दाबून धरायचं आणि मग अक्षर दाबायचं, हेही त्यातून आपोआप समजतं. ईमेलच्या पत्त्यातलं 'ॲट द रेट' मात्र शिकवावंच लागलं नाही. सुताच्या बिलात दराच्या आधी ती खूण त्यांनी पाहिलेली होती. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली ती खूण ईमेलसाठी निवडली, ही माहिती सांगितली तर आवडते, नाही सांगितली तरी अडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कॅन्सलचा. एसटी कॅन्सल झाली, लग्न कॅन्सल झालं, म्हणजे वाईट झालं. मग फॉर्म भरताना खाली एक खिडकी उघडते: 'तुम्हाला खरोखर कॅन्सल करायचं आहे का?' आणि त्याखाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. सांगा आता, फॉर्म टिकवायचा असेल तर कुठलं दाबायचं? माझ्या वर्गात यावर दोन तट पडले आणि मलाही क्षणभर थांबावं लागलं. ज्यानं ती खिडकी लिहिली त्याला इंग्रजी येत असेल, माणसं कळत नसावीत. अशा खिडक्यांचे मी फोटो काढून ठेवते आणि वर्गात वाचायला देते. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उताऱ्यापेक्षा त्या लक्ष देऊन वाचल्या जातात, कारण चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं.

माऊसबद्दल थोडक्यात. फोन वापरणाऱ्या बोटांना माऊस परका असतो, विशेषतः सारा जन्म हातानं काम केलेल्या बोटांना. माऊस टेबलाच्या कडेला गेला की तो उचलून परत मध्ये ठेवायचा, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचंच राहतं. एक मावशी हात लांब करकरून खुर्चीवरून निम्म्या उठल्या होत्या. डबल क्लिक जमत नसेल तर माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग कमी करा, सरावाच्या नावाखाली छळू नका. खाली स्क्रोल केलं की पान वर जातं, यावर वाद घालू नका. दोन दिवसांत हात शिकतो.

सरावाला मी आधी सॉलिटेअर लावला होता, तो पत्त्यांचा खेळ. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला तेव्हापासून कितीतरी लोकांचा हात त्यावर बसलाय. पण एक बाई खुर्ची मागं सारून उठली. "पत्त्यांनीच आमच्या घराचं वाटोळं केलंय बाई, मी हात लावणार नाही." चूक माझी होती. त्या दिवशी पत्ते बंद केले आणि पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून ठिपक्यांची रांगोळी घातली. दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं, तेच सगळं, आणि वर ब्रश, फिल, कलर, साइझ, अनडू, सेव्ह ॲज हे शब्द फुकट. संक्रांतीच्या आधी तर वर्ग संपवता संपवता नाकी नऊ आले.

अनडू लवकर शिकवा, अगदी दुसऱ्या दिवशी. मोठ्या माणसांना येत नाही असं नसतं, 'माझ्या हातनं बिघडलं तर' या भीतीनं हात आखडलेला असतो. मी त्यांना मुद्दाम रांगोळी विस्कटायला लावते आणि मग कंट्रोल झेड. तीन-चार वेळा विस्कटून परत मिळाली की खांदे खाली येतात.

बारा बायका आणि सहा कॉम्प्युटर, हे तुमचं भाग्य समजा. मी तर आठजणी असतानाही मुद्दाम चारच मशीन चालू करते. एका मशीनवर दोघी: एकीनं फक्त वाचून इंग्रजीत सांगायचं, दुसरीनं फक्त करायचं. सांगणारीनं माऊसला हात लावायचा नाही, करणारीनं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. क्लिक हिअर, स्क्रोल डाउन, गो बॅक, नो नो, द ब्लू वन, टॉप राइट कॉर्नर. आज्ञा ऐकून शरीरानं ती पाळत भाषा शिकायची, ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी फार पूर्वी मांडली. तिथं उठा-बसा, दार उघडा असं असतं, इथं खिडकी उघडा. तुमचे हात मात्र पाठीमागं बांधून ठेवा. शिकवणाऱ्यानं एकदा माऊस हातात घेतला की शिकणारी बाई प्रेक्षक होते.

वहीत शब्दांपुढं देवनागरीत उच्चार लिहू द्यावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. लिहू द्या, पण पेन्सिलीनं. तीन आठवड्यांनी खोडरबर वाटा. रुसतात, पण खोडतात. आणि कुणाला नोकरीसाठी प्रमाणपत्रच हवं असेल तर तिला सरळ एमएस-सीआयटीला घाला; ते काम वेगळं, तुमच्या वर्गात त्याची भेसळ नको.

दोन महिन्यांनी खरा फॉर्म भरायला घ्या, ज्याची घरात गरज आहे असा. आमच्यात एकीनं मुलीच्या शिष्यवृत्तीचा घेतला. मिडल नेम म्हणजे मुलीच्या वडिलांचं नाव, लाल चांदणी म्हणजे रिक्वायर्ड, इथवर ती नीट आली. मग कागदपत्र शोधण्यात वेळ गेला आणि स्क्रीनवर आलं: सेशन एक्सपायर्ड. तिनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं आणि घाबरून मागं वळली, "बाई, कोण एक्सपायर झालं?"

सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग पुन्हा लॉगिन करून पहिल्यापासून बसली. या खेपेला कागद आधी शेजारी काढून ठेवले होते.