तळ्याकाठचं कुरण आणि हिवाळ्यातली बदकं

अरे पोरा,

तुझा मेसेज वाचला. परदेशात लोक कुरणात पाणी सोडून बदकं उतरवतात आणि सीझनला शिकार करतात, ते व्हिडिओ बघून तुला तुमच्या तळ्याकाठच्या माळावर तसंच करायचंय. तर पहिलं सरळ सांगतो, बंदुकीचा विचार डोक्यातनं काढ. 1972 च्या वन्यजीव कायद्यात लायसन्सवर काही शिकार चालायची, 1991 च्या दुरुस्तीनं तीपण बंद झाली, आणि नुसता फास लावलास तरी केस होते. पण त्या लोकांना गवत आणि पाणी कसं राखायचं ते कळतं, तेवढं मात्र नक्की शिक.

पट्टकदंब हंस बघ, हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो, कर्नाटकात गदगकडं मागडीच्या तळ्यावर दर हिवाळ्यात असतो. दिवसा पाण्यात, आणि चरायला आसपासच्या शेतात. त्याला गवत लागतं चार बोटं, कोवळं, नुकतं फुटलेलं, कारण म्हशीसारखं रवंथ करून जून गवत पचवणं त्याला जमत नाही, आणि आखूड गवतात कुत्रं लांबनं दिसतं. गुडघाभर गवत माजलं की तो उतरतच नाही. म्हणून गावच्या म्हशी हाकलू नको रे, दसऱ्यानंतर त्यांनाच चरू दे. फक्त पाण्यालगतचा एक पट्टा पावसाळ्यापासनं राखून ठेव, हळदी-कुंकू बदक तिथंच गवतात जमिनीवर अंडी घालतं, पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत तिथं विळा नको, जनावर नको, आणि काडी तर अजिबात लावायची नाही.

आता पाणी. थापट्या, तलवार बदक हे बुडी मारून खाणारे नव्हेत, शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातात, म्हणजे वीत-दीड वीत पाणी झालं. आपल्याकडं गाळ काढायला जेसीबी आला की चारी काठ उभे कापून टाकतात, मग तळं भरलेलं दिसतं पण या बदकांना खायला जागाच उरत नाही, मला हे बघून फार वाईट वाटतं. पंचायतीत जाऊन बोल, निदान एक काठ उतरता ठेवायला लाव. पाणी हळूहळू ओसरलं की त्या चिखलात लव्हाळा उगवतो, त्याचं बी पुढच्या हंगामात पाण्याखाली येतं, तेच त्यांचं धान्य. बेशरम आणि जलपर्णी मात्र मुळासकट उपट, तणनाशक मारू नको, आणि वरच्या उसाच्या रानातलं औषधाचं पाणी तळ्यात येतंय का तेवढं बघ.

पहिल्या वर्षी काहीच आलं नाही तरी माळ नांगरू नको. आणि सवड काढून गोकाककडं धुपदाळला जाऊन ये, घटप्रभेचं पक्षी अभयारण्य आहे, जानेवारीत सकाळी लवकर जा, कुठला पक्षी किती पाण्यात उभा राहतो ते नीट बघ, वहीत लिही आणि मला पाठव.

तुझा काका