वॉटर पार्कचा वर्षाचा फॅमिली पास काढावा का? आणि पासवालेच एवढे चिडलेले का असतात?

तुमचा प्रश्न असा की नांदेडहून महिन्यातून एखाद्या रविवारी संभाजीनगरला येणं होतं, दोन पोरं आहेत, तर इथल्या वॉटर पार्कचा वर्षाचा फॅमिली पास वसूल होईल का, आणि रिव्ह्यूमध्ये पासवालेच सगळ्यात जास्त शिव्या कामून घालायलेत.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत: रविवारीच येणार असाल तर काढू नका. दुसऱ्याला मात्र वेळ लागणार, कारण त्या शिव्या घालणाऱ्यांत मी पण आहे, फक्त मी रिव्ह्यू लिहिला नाही, मी साडूशी भांडलो.

मी वाळूजला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, चौदा वर्षं झाली. हे सांगायचं कारण पुढं कळेल. 2022 च्या होळीच्या आसपास आम्ही चौघांचा पास काढला, माणशी 1,800. सुटं तिकीट तेव्हा साध्या दिवशी 500, सुट्टीच्या दिवशी 700, म्हणजे सरासरी 600 धरा, तीन वेळा गेलं की पैसे फिटले आणि चौथ्यापासून सगळं फुकट. वर लॉकर फ्री, खाण्यावर 15 टक्के सूट, पाहुण्यांसाठी दोन अर्ध्या दराची कुपनं आणि पासवाल्यांची वेगळी खिडकी. प्लास्टिकचं कार्ड, त्यावर आपला फोटो आणि खाली छापलेलं, 'वर्षभर, कधीही, कितीही वेळा'. हे मी साडूला फोनवर सांगितलं. तो लातूरचा. तो म्हणला, भाऊसाहेब, सुटं तिकीट काढत जावा, नको वाटलं तर घरी बसता येतं. मी त्याला पंधरा मिनिटं हिशोब समजावला. त्यानं ऐकून घेतला आणि म्हणला, बघा बुवा. हे 'बघा बुवा' मला आजपर्यंत ऐकू येतं.

पहिल्या वर्षी आम्ही सात वेळा गेलो. सात. चार माणसं गुणिले सात करून तुम्हीच बघा. म्हणजे पास वाईट असतो असं माझं म्हणणं नाहीच, आमच्यासारख्या शहरात जिथं घरच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं तिथं पोरांना दिवसभर पाण्यात डुंबायला मिळतं हीच मोठी गोष्ट आहे. ह्यात पण एक विचित्रपणा आहे, की बायको घरी बादलीवर झाकण ठेवायला सांगते आणि तिथं आम्ही तासभर मोटारीच्या लाटेखाली उभे राहतो, पण ते जाऊ द्या.

मग हळूहळू कातरायला सुरुवात झाली. एकदम काही काढून घेत नाहीत हो, एकदम काढलं तर माणूस भांडेल. आधी लॉकर, फ्री होता तो फ्रीच राहिला पण चावीचं डिपॉझिट आलं, मग ते डिपॉझिट परत मिळायचं बंद झालं आणि त्याला 'सेवाशुल्क' म्हणायला लागले. मग खाण्यावरची सूट 15 ची 10 झाली, मग खाली बारीक अक्षरात आलं की कॉम्बोवर लागू नाही, आणि महिनाभरात अख्खा मेन्यूच कॉम्बो झाला. सुटा वडापाव मिळेचना! वडापाव घ्या नाहीतर राहू द्या, सोबत ते कोल्ड्रिंक घ्यावंच लागायचं. पाहुण्यांची कुपनं फक्त मंगळवार ते गुरुवार चालायला लागली, आता मंगळवारी कुणाकडं पाहुणे येतात ते मला सांगा. वेगळी खिडकी होती तिचं शटर पाडलेलं आणि आत झाडू अन् फिनेलचे कॅन ठेवलेले. शेवटी ॲप आलं. दोन दिवस आधी स्लॉट बुक करायचा, पासवाल्यांना रोजचा कोटा, तो भरला की संपलं. तिकीटवाल्याला कोटा नाही, तो कधीही या, किती पण या.

एवढं होऊन पण मी 2023 च्या मार्चमध्ये पास रिन्यू केला. का केला तर रिन्यूअल 1,500 ला होतं आणि माझा हिशोब अजून बसत होता. ओटीपी टाकला, अटी मान्य वर टिक केली, वाचल्या नाहीत. चौदा वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासणारा माणूस, स्वतःच्या वेळी नाही वाचलं.

आता ते 1 मे. 2023 चा 1 मे सोमवारी आला होता. शनिवार-रविवार पासवाल्यांना बंद झालेलं मला माहीत होतं, पण सोमवार होता, कंपनीला सुट्टी, साडू सहकुटुंब लातूरहून आलेला, पोरांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या. मी शनिवारी रात्री बाराला जागून ॲपवर आमच्या चौघांचा स्लॉट घेतला, हिरवी टिक आली. साडूला ऐटीत सांगितलं, तुम्ही फक्त तुमच्या चौघांचं तिकीट काढा, आमचं फुकट आहे.

एप्रिल सरता सरता अवकाळी झोडपून गेलेला, त्यामुळं ऊन कमी पण उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. पोरीनं घरूनच फ्रॉकखाली स्विमिंगचा ड्रेस घातलेला. आम्ही गेटवर गेलो, कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, लाल. मला वाटलं कार्डाला घाम लागला, पँटीला पुसून तिसऱ्यांदा लावलं. तेवढ्यात गेटवरचा पोरगा म्हणला, काका, पासवाल्यांना आज बंद आहे, सार्वजनिक सुट्टी आहे. मी ॲपवरची हिरवी टिक दाखवली. तो म्हणला, ॲपचं ॲपवाल्याला विचारा. आणि बोर्डाकडं बोट केलं.

तो बोर्ड मी नीट बघितला. जुना फ्लेक्स तोच होता, त्यावर एक लॅमिनेट केलेला ए-फोर कागद सेलोटेपनं चिकटवलेला. 'शनिवार, रविवार, सर्व सार्वजनिक सुट्ट्या, 17 सप्टेंबर व दिवाळी सुट्टीत पास चालणार नाही.' मुक्तिसंग्राम दिन सुद्धा सोडला नाही हो, मराठवाड्यात धंदा करून! दमट हवेनं एका कोपऱ्याची टेप सुटलेली होती, मी तो कोपरा बोटानं उचलला तर खाली जुनी लाल अक्षरं, 'वर्षभर, कधीही'. मी फोटो काढला. मागून लाइनीतला एक जण ओरडायला लागला की काका आत जायचं तर जा नाहीतर सरका.

मी मॅनेजरला बोलवा म्हणून उभा राहिलो. मॅनेजर आला नाही. पोरगी रडायच्या बेताला, मेव्हणी म्हणायली जाऊ द्या ना दाजी, पोरांचा दिवस खराब होतो. आणि मी वळून बघतो तर साडू तिकिटाच्या खिडकीवर. आठही तिकिटं त्यानंच काढली, सुट्टीचा दर 700, म्हणजे 5,600. मी पैसे द्यायला लागलो तर हात धरला. काही बोलला नाही. दिवसभर काही बोलला नाही, ते तर जास्तच झोंबलं. दुपारी कॉम्बो खाताना म्हणला, भाऊसाहेब, 2016 ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तवा बी माणूस एका घागरीला एकदाच लाइनीत लागायचा. तुम्ही एकाच पाण्याचे पैसे दोनदा भरायलाव.

सगळे हसले. माझी बायको पण.

तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, हा किस्सा निघतो आणि शेवट असा असतो की भाऊसाहेबांचा हिशोब चुकला. हिशोब चुकला नव्हता!! मी व्यवहार केला तेव्हा जे लिहिलेलं होतं त्यावर हिशोब केला, नंतर समोरच्यानं पावतीवर खाडाखोड केली तर तो अकाउंटंटचा दोष होतो का? साडूला हा फरकच कळत नाही.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणला तिकडं डिस्नेलँडला हेच झालंय. 2021 च्या जानेवारीत, कोरोनात पार्क बंद असतानाच, त्यांनी जुने वार्षिक पास गुंडाळले आणि ऑगस्टमध्ये 'मॅजिक की' नावानं नवे आणले, चार प्रकारचे, आणि जायच्या आधी रिझर्वेशन करायचंच. सगळ्यात महाग 'ड्रीम की', 1,399 डॉलर, त्याला बंद तारखा नाहीत असं सांगून विकला. लोक बुक करायला गेले तर पासवाल्यांना जागा नाही, आणि त्याच दिवसाची साधी तिकिटं मात्र मिळायलीत. एका बाईनं दावा ठोकला, 2023 मध्ये कंपनीनं चूक मान्य न करता 95 लाख डॉलरवर तडजोड केली. पास घेणारे लाखाच्या वर, वकिलांची फी वगैरे जाऊन माणशी आले 67 डॉलरच्या आसपास. मला ते वाचून आनंदच झाला, पैशाचा नाही, आपण एकटे येडे नाही ह्याचा. साडूला हे पण पाठवलं.

आता हे असं कामून करतात, तर गणित जिमवाल्यासारखंच आहे. पास विकतात तेव्हा पैसे आधी हातात येतात, आणि त्यांची भिस्त असते पास घेऊन न येणाऱ्यांवर. जो खरंच वसूल करतो तो त्यांना नको असतो. गर्दीच्या दिवशी तर बिलकूल नको, कारण बाहेरगावचं कुटुंब एकदाच येतं, पूर्ण तिकीट काढतं, कॉस्च्युम भाड्यानं घेतं, आत जेवतं, आणि पासवाला घरून पोटभर जेवून चार वाजता दोन घसरगुंड्या करायला येतो. (मी पण तसाच जायचो, खोटं कशाला बोलू.) डिस्नेनं तर 2022 ला आपल्या तिमाही निकालात लिहूनच टाकलं की डिस्नेलँडला येणाऱ्यांचं मिश्रण (म्हणजे पासवाले किती, तिकीटवाले किती) आपल्याला अनुकूल नाही. पासवाल्यांना ते बरोबर झोंबलं. मला विचाराल तर निदान त्यांनी लिहिलं तरी, आमच्याकडं कागद चिकटवला.

मी 1915 ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदली, नंबर आला, फोटो जोडला, तो कोपऱ्याचा. तीन आठवड्यांनी पार्कचं उत्तर आलं की नियम बदलण्याचा हक्क आमच्याकडं राखीव, तरी सद्भावना म्हणून तीन महिने मुदत वाढवून देतो. त्या वाढलेल्या मुदतीत एकदाच गेलो, ते पण शेवटी शेवटी पाऊस लागल्यावर, तर लाटांचा पूल दुरुस्तीला आणि आकाश गळतंय. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती फक्त समोरच्याला विचारते. खरं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायला पाहिजे होतं. 2019 चा कायदा आल्यापासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे तुम्ही नांदेडलाच टाकू शकता, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत टाकायची. मी टाकली नाही. मार्चएंड आला, मग पोरीची शाळा बदलली, मग राहिलं. साडू म्हणतो, हिशोब पक्का होता तर गेलाव का नाही? ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, पण म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही.

तर तुमचं. नांदेडहून येणार, एक दिवस हातात, तो पण रविवार. पास चालतो तो सोमवार ते शुक्रवार, म्हणून सुटं तिकीट काढा. (हो, साडू पण हेच म्हणला होता. पण त्यानं ते कुठलाही हिशोब न करता म्हणलं होतं.) उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर इथं बहिणीकडं वगैरे राहणार असाल तर मग काढा, पण वर्षाचं गणित मांडू नका, पहिल्या दोन महिन्यांत किती वेळा जाणार तेवढंच धरा, पुढचं मिळालं तर मिळालं. बंद तारखांची यादी काउंटरवर कागदावर मागा, देत नसतील तर बोर्डाचा फोटो काढा, ॲपवरच्या अटींचे स्क्रीनशॉट पास घ्यायच्या दिवशीच काढून ठेवा, नंतर त्या तशा राहत नाहीत. आणि बिल घ्या, नुसत्या यूपीआयच्या मेसेजवर राहू नका.

मी हे एकाच पार्कचं सांगायलोय, सगळे असेच असतील असं नाही. आणि पार्कवाल्यांना पण उन्हाळ्याचे अडीच-तीन महिनेच खरी कमाई असते, टँकरचं पाणी, विजेचं बिल, जीवरक्षक पोरांचा पगार वर्षभर, हे सगळं मला आकड्यात कळतं. दर वाढवा ना मग. 1,800 चे 3,000 करा, मी विचार करीन, परवडलं तर घेईन. पण घेतल्यावर कातरू नका.

पोरगी आता नववीत आहे, वॉटर पार्क म्हणलं की नाक मुरडते. त्या कोपऱ्याचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, टेप सुटलेली, खाली 'वर्षभर, कधीही' स्पष्ट वाचता येतं. साडूला तीनदा पाठवलाय. तिन्ही वेळा निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. चौथ्यांदा आत्ता पाठवतो, ह्या उत्तराच्या लिंकसोबत.